आरशात दिसते ते नेमके कोठे असते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे आरशांविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. उत्तरांकडे वळण्यापूर्वी सर्वांना उपयोगी पडेल असा एक मुद्दा सांगतो. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाशकिरण सर्व दिशांना पसरतात. त्यांपैकी काही आरशावर पडून वळतात आणि डोळ्यात शिरतात. परंतु किरण वाटेत वळला आहे हे डोळ्याला कळण्याची सोय नाही. तो किरण ज्या रेषेत आत आला, त्याच रेषेत सरळ मागे वस्तू आहे असे डोळा धरून चालतो. एका बिंदूपासून निघालेले किरण परावर्तनानंतर खरोखर जेथे एकत्र येतात, किंवा जेथून निघाल्यासारखे भासतात, ती त्या बिंदूच्या प्रतिमेची जागा. पहिल्या प्रकारची प्रतिमा वास्तव, दुसऱ्या प्रकारची आभासी. आरसा सपाट असो वा वक्र, ही जागा शोधून काढली की पुढचे बहुतेक प्रश्न सुटतात.

प्रश्न : आरसा डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल करतो, तर वरच्या-खालच्या बाजूंची का करत नाही? विद्यार्थ्यांना याचे समाधानकारक उत्तर मला देता येत नाही. (एक शिक्षिका, संगमनेर)

उत्तर : आपले विद्यार्थी नेमका प्रश्न विचारत आहेत. सपाट आरसा डाव्या-उजव्याची अदलाबदल मुळात करतच नाही. तो पुढची आणि मागची बाजू तेवढी बदलतो.

उत्तरेच्या भिंतीवरील आरशासमोर आपण उत्तरेकडे तोंड करून उभ्या आहात असे समजा. पूर्वेकडचा हात वर केला, तर आरशातही पूर्वेकडचाच हात वर जातो. डोके वर आणि पाय खालीच राहतात. उलटते ती फक्त उत्तर-दक्षिण दिशा : आपले नाक उत्तरेकडे आहे, प्रतिमेचे दक्षिणेकडे. आरशाच्या पृष्ठभागाशी काटकोनात असलेली दिशा उलटते आणि पृष्ठभागाला समांतर असलेल्या दोन्ही दिशा जशाच्या तशा राहतात, एवढेच परावर्तनाच्या नियमातून निघते.

मग डाव्या-उजव्याचा गोंधळ येतो कोठून? समोरच्या प्रतिमेकडे पाहताना आपण तिला समोर उभी असलेली व्यक्ती समजतो आणि मनातल्या मनात स्वतःला अर्धा फेरा फिरवून तिच्या जागी उभे करतो. माणूस वळतो तो उभ्या अक्षाभोवती, टाचेवर. कोलांटी घेऊन कोणी मागे वळत नाही. उभ्या अक्षाभोवती फिरल्यामुळे पूर्व-पश्चिम बाजू बदलतात, आणि तो बदल आपण स्वतः केलेला असूनही आरशाच्या नावावर मांडतो.

वर्गात हे दाखवण्यासाठी एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद आणि एक साधा कागद घ्यावा. दोन्हींवर ठळक अक्षरांत ‘कमळ’ लिहावे. पारदर्शक कागद अक्षरे स्वतःकडे ठेवून आरशासमोर धरला, तर कागदावरचे ‘कमळ’ सरळ वाचता येते आणि त्याच्यामागे आरशात दिसणारे ‘कमळ’ही सरळच वाचता येते. आरशाने काहीही उलटवलेले नाही. आता साधा कागद घ्यावा. त्यावरचे अक्षर आरशाला दाखवण्यासाठी कागद वळवावा लागतो. पुस्तकाचे पान उलटतो तसा तो आडवा वळवला, तर आरशात डाव्या-उजव्या बाजू बदललेल्या दिसतात. तोच कागद वरची कड पलीकडे झुकवून खाली आणत वळवला, तर ‘क’ डावीकडे आणि ‘ळ’ उजवीकडेच राहतो, मात्र शिरोरेखा अक्षरांच्या तळाशी गेलेली दिसते. आरसा तोच, जागा तीच. फरक पडला तो आपण कागद कोणत्या अक्षाभोवती फिरवला याने. हा प्रयोग मुलांच्या हातून करून घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण शिरोरेखा खाली गेलेली पाहिल्यावर फार स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

रुग्णवाहिकेच्या पुढच्या भागावर इंग्रजी अक्षरे उलटी रंगवलेली असतात, तीही याच कारणाने. पुढच्या वाहनाच्या चालकासाठी ती अक्षरे आधीच आरशाकडे वळलेली असतात, म्हणून ती त्याच्या आरशात सरळ वाचता यावीत अशा बेताने लिहितात.

जाता जाता आणखी एक : दोन सपाट आरसे काटकोनात जोडून उभे केले, तर तीन प्रतिमा दिसतात आणि त्यांतील मधली प्रतिमा दोनदा परावर्तित झालेली असते. आपण उजवा हात वर केला की तीही स्वतःचा उजवाच हात वर करते. इतरांना आपला चेहरा जसा दिसतो तसा तो आपल्यालाही तेथे पाहता येतो. केसांचा भांग पाडायला मात्र हा आरसा फार अवघड जातो.

प्रश्न : आमच्या कपाटाच्या आरशात मला पूर्ण उंची दिसत नाही. मागे सरकल्यास जास्त दिसेल असे घरातील सर्वजण म्हणतात. ते खरे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : खरे नाही, आरसा भिंतीसारखा अगदी उभा असेल तर. सपाट आरशातील प्रतिमा आरशामागे तितक्याच अंतरावर असते, जितक्या अंतरावर आपण आरशासमोर असतो. म्हणजे आरसा डोळा आणि प्रतिमा यांच्या बरोबर मधोमध येतो, आणि संपूर्ण प्रतिमा पाहण्यासाठी आरशाचा जो भाग लागतो त्याची लांबी आपल्या उंचीच्या निम्मी असते. आपली उंची 160 सेंटिमीटर आणि डोळे जमिनीपासून 150 सेंटिमीटरवर आहेत असे धरले, तर आरशाची वरची कड 155 सेंटिमीटरवर आणि खालची कड 75 सेंटिमीटरवर हवी. 80 सेंटिमीटर लांबीचा आरसा पुरतो, मात्र तो या जागी बसवलेला हवा. या हिशेबात आपण आरशापासून किती दूर आहात हे कोठेही येत नाही.

पडताळा घेण्यासाठी एक डोळा मिटून आरशात पाहावे. प्रतिमेच्या हनुवटीवर एक टिकली आणि कपाळाच्या वरच्या टोकावर दुसरी टिकली थेट आरशावर चिकटवावी. डोळ्यांची उंची न बदलता दोन पावले मागे जावे. चेहरा त्या दोन टिकल्यांच्या मध्ये तितकाच नेमका बसलेला दिसेल. टिकल्यांमधले अंतर पट्टीने मोजले, तर ते प्रत्यक्ष चेहऱ्याच्या निम्मे भरेल. मागे सरकल्यावर खोलीचा जो भाग आरशात दिसतो, तो उलट कमीच होत जातो. घरच्यांचा अनुभव अगदीच निराधार असेल असे नाही. कपाटाचे दार किंवा आरसा किंचित कललेला असेल, तर अंतराप्रमाणे दिसणारा भाग बदलतो.

प्रश्न : कपड्यांच्या दुकानातील ट्रायल रूममध्ये आरशावर बोट टेकवून बोट आणि प्रतिमा यांत फट दिसते का ते पाहावे, फट नसेल तर आरशापलीकडून कोणी पाहत आहे असे समजावे, असा संदेश मोबाइलवर फिरत असतो. त्यात तथ्य किती? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या चाचणीवर विसंबू नये. घरगुती आरशात धातूचा चकाकणारा थर काचेच्या मागच्या बाजूस असतो. बोट पुढच्या पृष्ठभागावर टेकते आणि परावर्तन मागच्या पृष्ठभागावर होते, म्हणून फट दिसते. काच 4 मिलिमीटर जाडीची असेल, तर प्रकाश काचेत वळत असल्यामुळे ही फट सुमारे 5 मिलिमीटर भासते. फटीवरून कळते ते इतकेच, की थर काचेच्या कोणत्या बाजूला आहे. पलीकडून पाहता येणाऱ्या काचेवरील विरळ थरही मागच्या बाजूस असू शकतो, आणि मग फट दिसूनही आरसा फसवा असतो. उलट केरळमधील आरन्मुळा येथे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूपासून जो प्रसिद्ध आरसा घडवतात, त्यात काचच नसते. धातूचा पुढचा पृष्ठभागच घासून चकचकीत केलेला असतो. तेथे बोट आणि प्रतिमा एकमेकांना चिकटून दिसतात आणि तरीही त्या आरशातून पलीकडचे काहीही दिसणे शक्य नाही.

एकीकडून पारदर्शक वाटणारी काच प्रत्यक्षात दोन्हीकडून सारखीच असते. आपली बाजू उजेडात आणि पलीकडची अंधारात असली, तरच ती आरशासारखी वागते. म्हणून दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांभोवती धरून कपाळ काचेला टेकवावे आणि बाजूचा उजेड अडवून आत पाहावे, किंवा मोबाइलचा दिवा काचेला अगदी चिकटवून धरावा. पलीकडे खोली असेल, तर ती दिसून येईल.

प्रश्न : बहिर्वक्र (बाहेर फुगीर) आरशातील प्रतिमा आरशाच्या मागे अगदी जवळ, ध्रुव (आरशाचा मध्यबिंदू) आणि नाभी (समांतर किरण परावर्तनानंतर जेथे मिळतात किंवा जेथून आल्यासारखे भासतात तो बिंदू) यांच्या दरम्यान तयार होते असे पाठ्यपुस्तक सांगते. मग मोटारीच्या बाजूच्या आरशावर, वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ असते, अशी सूचना का लिहिलेली असते? दोन्ही विधाने परस्परविरोधी वाटतात. (दहावीच्या विद्यार्थ्याचे पालक, कराड)

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत. एक प्रतिमेच्या जागेविषयी बोलते आणि दुसरे चालकाने मनात बांधलेल्या अंदाजाविषयी. हिशेब मांडूनच पाहू.

बाजूच्या आरशाची वक्रता त्रिज्या, म्हणजे तो ज्या गोलाचा तुकडा आहे त्या गोलाची त्रिज्या, 120 सेंटिमीटर आहे असे समजा. नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून नाभीपर्यंतचे अंतर, त्याच्या निम्मे, 60 सेंटिमीटर. मागून येणारी, दीड मीटर उंचीची मोटार आरशापासून 12 मीटरवर आहे. आरशाच्या सूत्रानुसार तिची प्रतिमा आरशामागे सुमारे 57 सेंटिमीटरवर पडते आणि तिची उंची जेमतेम 7 सेंटिमीटर भरते. चालकाचा डोळा आरशापासून 70 सेंटिमीटरवर असेल, तर तो सुमारे 127 सेंटिमीटरवरच्या 7 सेंटिमीटर उंचीच्या आकृतीकडे पाहत आहे. पाठ्यपुस्तकाचे म्हणणे येथपर्यंत अचूक ठरते.

परंतु चालक हे अंतर मोजत नाही. मोटार किती उंच असते हे त्याला सवयीने ठाऊक आहे, त्यामुळे ती डोळ्याशी किती मोठा कोन करते यावरूनच तो अंतर ताडतो. वरील प्रतिमा डोळ्याशी जेवढा कोन करते, तेवढाच कोन प्रत्यक्ष मोटार जवळजवळ 27 मीटरवर असताना करील. सपाट आरशात हीच मोटार पावणेतेरा मीटरवर असल्यासारखी, म्हणजे जवळपास खऱ्या अंतरावर, दिसली असती. चालकाला वाटते मागचे वाहन 27 मीटरवर आहे आणि असते ते 12 मीटरवर. सूचना लिहिलेली असते ती या चुकीसाठी.

येथे वेगाचाही भाग आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तीच मोटार 50 मीटरवरून 12 मीटरवर आली, तेवढ्या वेळात तिची प्रतिमा आरशामागे फक्त 2 सेंटिमीटर सरकते. तिची उंची पावणेदोन सेंटिमीटरांवरून 7 सेंटिमीटर होते, परंतु ही वाढ शेवटच्या काही मीटरांत एकवटलेली असते. त्यामुळे मागचे वाहन बराच वेळ लहानच दिसत राहते आणि मग एकाएकी अंगावर आल्यासारखे भासते. म्हणून मार्गिका बदलण्यापूर्वी बाजूच्या आरशावरून ‘कोणी आहे का’ एवढेच ठरवावे, आणि ‘किती दूर आहे’ हे आतल्या सपाट आरशात पाहून किंवा मान वळवून निश्चित करावे.

एवढा दोष असूनही बहिर्वक्र आरसा वापरतात, कारण तेवढ्याच आकाराच्या सपाट आरशापेक्षा तो मागच्या रस्त्याचा कितीतरी रुंद पट्टा दाखवतो. घाटातील वळणांवर जे गोल आरसे बसवलेले असतात, तेही याच गुणासाठी.

प्रश्न : माझ्याकडे दाढीसाठी गोल, चेहरा मोठा दाखवणारा आरसा आहे. जवळून चेहरा मोठा व सुलट दिसतो. मागे जात राहिलो की सर्व धूसर होते आणि आणखी मागे गेल्यावर चेहरा उलटा, पण स्पष्ट दिसू लागतो. मधल्या टप्प्यात प्रतिमा जाते कोठे? (निवृत्त गृहस्थ, डोंबिवली)

उत्तर : आपण जे पाहिले, ते पुस्तकातील किरणाकृतींत सहसा सापडत नाही, कारण त्या आकृत्यांमध्ये पाहणारा डोळा काढलेलाच नसतो. प्रतिमा मधल्या टप्प्यातही असतेच. ती आपल्या डोक्याच्या मागे गेलेली असते.

आपल्या आरशाचे नाभीय अंतर 40 सेंटिमीटर आहे असे धरू. चेहरा 20 सेंटिमीटरवर असताना आरशामागे 40 सेंटिमीटरवर दुप्पट मोठी, सुलट, आभासी प्रतिमा मिळते. मागे सरकता सरकता चेहरा 40 सेंटिमीटरवर, म्हणजे नाभीवर आला की परावर्तित किरण परस्परांना समांतर होतात आणि प्रतिमा अनंत अंतरावर जाते. समांतर किरण निरोगी डोळ्याला सामावून घेता येतात, त्यामुळे येथवर चेहरा बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो.

40 ते 80 सेंटिमीटर या टप्प्यात चेहऱ्याची वास्तव प्रतिमा चेहऱ्यापेक्षाही आरशापासून दूर, म्हणजे आपल्या पाठीमागच्या हवेत तयार होते. त्या प्रतिमेकडे निघालेले किरण एकत्र येण्यापूर्वीच वाटेत आपल्या डोळ्यात शिरतात. आपल्या डोळ्याला पसरत येणारे किंवा समांतर किरण आतल्या पडद्यावर एकवटता येतात. आधीच एकवटत येणारे किरण त्याला हाताळता येत नाहीत. म्हणून सारे धूसर दिसते. चष्मा बदलण्याचे हे कारण नव्हे, एवढी खात्री बाळगावी. बरोबर 80 सेंटिमीटरवर, वक्रता केंद्राशी (आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याच्या केंद्राशी), डोळ्याची प्रतिमा डोळ्यावरच पडते आणि आरसाभर एकच अस्पष्ट रंग पसरल्यासारखा दिसतो. त्याच्यापुढे चित्र पालटते. चेहरा 120 सेंटिमीटरवर नेला, तर निम्म्या आकाराची उलटी प्रतिमा आरशासमोर 60 सेंटिमीटरवर, म्हणजे डोळ्यापासूनही 60 सेंटिमीटरवर हवेत तयार होते. तिच्यापासून किरण पुन्हा पसरत डोळ्याकडे येतात, आणि म्हणून ती स्वच्छ दिसते.

ही प्रतिमा आरशाच्या आत नसून आपण आणि आरसा यांच्यामधल्या हवेत आहे, याची खात्री करून घेणे सोपे आहे. रात्री खोलीतील इतर दिवे मालवून एक लहानसा पेटता दिवा आरशासमोर 60 सेंटिमीटरवर ठेवावा आणि आरसा किंचित तिरपा करून 120 सेंटिमीटरवर पांढरा कागद धरावा. कागदावर दिव्याची दुप्पट मोठी, उलटी प्रतिमा उमटेल. दिवसा आरसा खिडकीकडे करून कागद सुमारे 44 सेंटिमीटरवर धरला, तर चार मीटर दूर असलेली खिडकी, तिचे गज आणि बाहेरचे झाड, सर्व रंगांसह कागदावर उतरते. आभासी प्रतिमा अशी कागदावर कधीही धरता येत नाही. हा आरसा सूर्याकडे मात्र चुकूनही करू नये. कागद पेट घेऊ शकतो आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. वापर झाल्यावर तो खिडकीत उन्हात ठेवू नये, हेही त्याच कारणासाठी.

चमच्याच्या आतल्या बाजूत आपण उलटे दिसतो, त्याचे कारण वेगळे नाही. चमच्याचे नाभीय अंतर दोनएक सेंटिमीटरच असते, त्यामुळे आपला चेहरा नेहमीच वक्रता केंद्राच्या बराच पलीकडे राहतो.

प्रश्न : दुर्बिणीतील आरसे गोलीय नसून अन्वस्त, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचे का करतात? (हौशी आकाशनिरीक्षक, जुन्नर)

उत्तर : नाभीय अंतर हे वक्रता त्रिज्येच्या निम्मे असते, हा नियम गोलीय आरशाच्या मध्यालगतच्या भागापुरताच चांगला लागू पडतो. कडेवर पडणारे समांतर किरण मुख्य अक्षाला (आरशाच्या मध्यातून आणि वक्रता केंद्रातून जाणाऱ्या रेषेला) आरशाच्या अधिक जवळ छेदतात, म्हणून ताऱ्याचा बिंदू न उमटता डाग उमटतो. स्टीलच्या पेल्यातील दुधावर ऊन तिरपे पडले की एक टोकदार, चमकती वक्ररेषा उमटते. पेल्याच्या गोल भिंतीवरून परतलेले किरण एका बिंदूत न मिळता त्या रेषेवर दाटतात. अक्षाला समांतर येणारे सर्व किरण एकाच बिंदूत आणण्याचा गुण अन्वस्त आकारात आहे.

आकार किती अचूक हवा, याचे उदाहरण हबल दुर्बिणीचे. 1990 मध्ये अवकाशात सोडल्यावर असे आढळले, की तिचा 2.4 मीटर व्यासाचा आरसा कडेला ठरल्यापेक्षा सुमारे 2.2 मायक्रोमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीच्या अगदी लहानशा अंशाने, अधिक सपाट घासला गेला होता. तेवढ्याने तारे पसरट दिसू लागले, आणि डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची प्रकाशीय उपकरणे बसवल्यावरच प्रतिमा रेखीव झाल्या. आपल्या जुन्नरजवळच गिरवली येथे पुण्याच्या आयुका संस्थेची 2 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. तिच्याविषयी वाचताना हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

अन्वस्त आकार घासून मिळवण्याऐवजी फिरवूनही मिळवता येतो. द्रव असलेले भांडे एकसारख्या गतीने फिरवले, की गुरुत्वाकर्षण आणि फिरण्याचा परिणाम यांमुळे द्रवाचा पृष्ठभाग आपोआप अन्वस्त बनतो. उत्तराखंडातील देवस्थळ येथील 4 मीटर व्यासाच्या दुर्बिणीत पाऱ्याचा पातळ थर सुमारे 8 सेकंदांत एक फेरी या गतीने फिरत असतो. या गतीवरून गणित केले, तर नाभीय अंतर जवळजवळ 8 मीटर येते आणि ते त्या दुर्बिणीच्या रचनेशी जुळते. गती वाढवली तर पृष्ठभाग अधिक खोल होतो आणि नाभी जवळ येते. पारा तिरपा करता येत नाही, तो सांडेल. म्हणून ही दुर्बीण नेहमी डोक्यावरच्या आकाशाकडेच रोखलेली असते, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे जो पट्टा तिच्यावरून सरकत जातो तेवढाच ती रात्रीमागून रात्र टिपत राहते.